मांड पक्की हवी: माझ्दा एमएक्स-५च्या चार पिढ्यांचं प्रकरण

१९८९ साली जपानमध्ये पहिली माझ्दा एमएक्स-५ ही छोटी स्पोर्ट्स कार विकायला आली तेव्हा तिच्या सगळ्यात साध्या आवृत्तीचं वजन ९४० किलो होतं आणि ताकद १२० पीएस (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती). २०१५ साली तिची चौथी पिढी आली ती ९९० किलोची आणि १३१ पीएसची. टनामागे ताकद काढली तर पहिलीची सुमारे १२८ पीएस, चौथीची १३२. सव्वीस वर्षांत वाढ चार पीएसची.

याच काळात पोर्शे ९११ची साधी करेरा २५० पीएसवरून ३७० पीएसवर गेली. जवळपास प्रत्येक स्पोर्ट्स कारची वाट अशीच चढती आहे. मग एका मोठ्या कंपनीने मुद्दाम जुन्या आकड्यापाशी परत यायचं का ठरवलं? त्या निर्णयात काय मिळालं आणि काय हातून गेलंच? हे प्रकरण तेवढ्याच प्रश्नाचं आहे.

माझ्दा हे नाव आपल्याकडे अनोळखी नाही. स्वराज माझ्दाच्या मिनीबस आणि छोटे ट्रक आपण रस्त्यावर कितीतरी वर्षं पाहिले. नावाचा उगम तर आणखी जवळचा: संस्थापक मात्सुदा यांचं आडनाव आणि पारशी लोकांचा अहुरा मज्दा, या दोन्हींतून ते आलं आहे. ही दोन आसनी गाडी मात्र भारतात अधिकृतपणे विकली जात नाही. तरी पिढ्यांची तुलना करायला मी हीच घेतो, कारण हिच्यात तुलना स्वच्छ होते. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, माणसं दोन, वर कापडी छप्पर आणि टर्बोशिवायचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. मोजक्या टर्बो आवृत्त्या सोडल्या तर हा सांगाडा चारही पिढ्यांत तोच राहिला. इतर गाड्यांत इंजिनची जागा बदलते, टर्बो येतो, चारही चाकांना ओढ मिळते आणि मग फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. जाणकार या चार पिढ्यांना एनए, एनबी, एनसी आणि एनडी म्हणतात. पुढे मीही तेच म्हणेन.

घोडा आणि स्वार

गोष्टीची सुरुवात १९७९ची. बॉब हॉल हे अमेरिकी मोटार-पत्रकार माझ्दाचे संशोधनप्रमुख केनिची यामामोतो यांना भेटले आणि ब्रिटिशांनी बनवणं सोडलेली साधी, उघडी, मागच्या चाकांच्या ओढीची छोटी गाडी तुम्ही बनवा, असं त्यांनी सुचवलं. पुढे हॉल स्वतःच माझ्दात दाखल झाले. कंपनीच्या जपानी गटाने पुढच्या चाकांच्या ओढीचा आणि मध्ये इंजिन असलेला असे दोन पर्याय मांडले होते. कॅलिफोर्नियाच्या गटाचा आग्रह इंजिन पुढे, ओढ मागे असा होता. १९८४ साली कॅलिफोर्नियाची बाजू सरस ठरली. नमुना म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर १९६२ची लोटस एलान होती.

प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी या गाडीला एक सूत्र दिलं: जिन्बा इत्ताई. घोडा आणि स्वार एकजीव. धावत्या घोड्यावरून बाण मारण्याच्या जपानी परंपरेतून ते आलं. मराठीत त्यासाठी ‘मांड’ हा नेमका शब्द आहे. मांड पक्की असली की स्वाराला सारखा लगाम ओढावा लागत नाही. मांडीच्या दाबाने घोड्याला कळतं, आणि घोडा काय करणार आहे ते स्वाराला त्याच्या पाठीच्या हालचालीतून आधीच कळतं. धनुष्य दोन्ही हातांनी धरायचं, तर लगाम सोडावाच लागतो. तिथे सगळी भिस्त मांडेवर.

ही नुसती जाहिरातीची ओळ नव्हती. हिरोशिमा विद्यापीठाचे मित्सुओ नागामाची यांनी ‘कान्सेई’ अभियांत्रिकी नावाची पद्धत घडवली होती. माणसाला वाटणाऱ्या गोष्टी सुट्या करायच्या आणि त्या एकेका यांत्रिक मापाला जोडायच्या. माझ्दाचा कारखानाही हिरोशिमातच. एमएक्स-५ घडवताना ही पद्धत वापरली गेली.

तिचं एक फळ गाडीच्या पोटाखाली दिसतं. बहुतेक मागच्या ओढीच्या गाड्यांत गिअरबॉक्स पुढे आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ओढ वाटून देणारा गिअरचा संच) मागे, आपापल्या रबरी आधारांवर वेगवेगळे बसवलेले असतात. ॲक्सिलरेटर दाबला की डिफरन्शियल आधी रबरावर पिळतं आणि मग ओढ चाकांपर्यंत पोचते. पाय उचलला की उलट दिशेने पिळतं. एमएक्स-५मध्ये या दोघांना एका लांब ॲल्युमिनियमच्या तुळईने बांधून टाकलं. पाय हलला की गाडी हलते, मधली ढिलाई नाही. या तुळईने शून्य ते शंभरचा वेळ कमी होत नाही. ती चारही पिढ्यांत टिकली आहे, आणि या गाडीचं इंजिन छोटं असूनही ‘तयार’ का वाटतं याचं मोठं उत्तर माझ्या मते तिच्यात आहे.

हाताला काय कळतं

पॉवर स्टिअरिंग नसलेली मारुती ८०० ज्यांनी चालवली आहे त्यांना पुढचा भाग पटकन कळेल. पार्किंग करताना खांदे भरून यायचे. पण गाडी एकदा चालू लागली की ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सुटायच्या आधीच स्टिअरिंग हातात हलकं पडायचं. डोळ्यांना काही दिसायच्या आधी तळहाताला कळायचं.

यामागचं कारण टायरच्या ठशात आहे. वळणावर रस्त्याला टेकलेला रबराचा ठसा पिळला जातो आणि बाजूचं बल ठशाच्या मध्यावर न लागता थोडं मागे लागतं. म्हणून चाक स्वतःहून सरळ व्हायला बघतं, आणि हाताला जाणवतो तो हा ताण. पकड संपत आली की बल लागण्याची जागा मध्याकडे सरकते आणि ताण कमी होतो. तोपर्यंत पकड थोडी शिल्लक असते. म्हणजे हलकं होणारं स्टिअरिंग ही टायरने आधी दिलेली सूचना आहे.

एनएच्या साध्या गाड्या पॉवर स्टिअरिंगशिवाय मिळत. टायर १८५/६० आर१४, आजच्या साध्या हॅचबॅकला शोभतील असे. अरुंद टायरची पकड कमी, म्हणजे सीमा लवकर येते. ती हळूहळू येते, रस्त्याच्या कायदेशीर वेगात येते आणि येताना सांगून येते. शंभर किलोमीटर वेग गाठायला एनएला सुमारे नऊ सेकंद लागत. त्या काळातही हा काही मोठा पराक्रम नव्हता. तरी ही गाडी चालवणारे तिला वेगवान म्हणत, आणि मला ते खोटं वाटत नाही. वळणावर दोन्ही हातांना आणि पाठीला एकाच वेळी इतकं काही कळत असेल, तर ताशी साठ हा वेगही भरगच्च असतो.

एनबी, थोडक्यात

१९९८ची दुसरी पिढी बरीचशी पहिलीचीच सुधारून केलेली आवृत्ती. उघडझाप होणारे दिवे गेले, मागच्या प्लास्टिकच्या खिडकीच्या जागी काच आली, सांगाडा घट्ट झाला, वजन हजार किलोच्या आसपास पोचलं. चालवण्याच्या अनुभवात फार मोठा खंड पडला नाही.

एक घटना मात्र नोंदवायलाच हवी. २००१ साली अमेरिकेत या गाडीची ताकद १५५ अश्वशक्ती जाहीर झाली, प्रत्यक्षात ती १४२ होती. कंपनीने चूक मान्य केली आणि गाड्या परत विकत घ्यायची तयारी दाखवली. पैसे देऊन घेतलेला आकडा खरा असला पाहिजे, ही मालकांची तक्रार रास्तच होती. पण कागदावरच्या तेरा अश्वशक्ती गेल्या म्हणून स्टिअरिंग, वळण, गिअरचा दांडा यातलं काहीच बदललं नव्हतं. या गाडीत आकडा आणि अनुभव किती सुटे आहेत, हे त्या वर्षी उघड दिसलं.

एनसी आणि २६ मिलिमीटर

तिसरी पिढी २००५ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात दिसली. सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती हिने. इंजिन २ लिटरचं, शंभरचा वेग आठ सेकंदांच्या आत, सांगाडा आधीपेक्षा खूप ताठ, मागे नवं मल्टिलिंक सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरलेलं. कागदावर प्रत्येक ओळीत सरस. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,२६५ मिलिमीटरवरून २,३३० झालं, रुंदी १,७२० झाली आणि जपानच्या छोट्या गाड्यांच्या वर्गाची १,७०० मिलिमीटरची मर्यादा तिने ओलांडली. जपानी साध्या गाडीचं वजन आता सुमारे १,०९० किलो. अनेक भागांचं नातं आरएक्स-८ या मोठ्या स्पोर्ट्स कारशी होतं.

एनसी लठ्ठ होती आणि म्हणून बिघडली, असं सर्रास सांगितलं जातं. मला हे अर्धवट वाटतं. एकेक ग्रॅम वाचवण्याची मोहीम प्रकल्पप्रमुख ताकाओ किजिमा यांनी याच पिढीत सुरू केली होती. आतल्या आरशापर्यंत वजनाची चाळण लागली होती. त्या काळातल्या इतर गाड्यांच्या मानाने ही गाडी हलकीच होती. खरी अडचण दुसरी होती. वळणात शिरताना ती एकदम प्रतिसाद द्यायची आणि मग वेगळ्याच लयीत झुकायची. हाताने मागितलेलं वळण आणि पाठीला कळणारं झुकणं यांची जुळणी नीट होत नव्हती.

माझ्या मते या चार पिढ्यांतला सगळ्यात शिकण्यासारखा बदल २००८च्या सुधारणेत झाला. इंजिनची ताकद जवळपास तीच. पुढच्या सस्पेन्शनचं रोल सेंटर मात्र २६ मिलिमीटर खाली आणलं.

वळणावर गाडी एका काल्पनिक बिंदूभोवती झुकते, त्याला रोल सेंटर म्हणतात. तो बिंदू उंच असेल तर बाहेरच्या चाकावर जाणारा भार सस्पेन्शनच्या दांड्यांमधून तडक जातो. स्प्रिंग दबायच्या आधीच टायरवर ओझं पडलेलं असतं. बिंदू खाली आणला की तोच भार स्प्रिंग आणि डँपरमधून (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या नळकांड्यातून) जातो, आणि त्याला वेळ लागतो. सेकंदाचा अगदी छोटा अंश, पण त्या अंशात चालकाला भार चढताना जाणवतो. आधी थोडा, मग जास्त, मग स्थिर. गाडी झुकते, कदाचित आधीपेक्षा कणभर जास्तच. पण ती हाताच्या मागोमाग झुकते.

घोड्यावर बसणाऱ्याला हे नवीन नाही. घोडा हलतो म्हणून कोणी पडत नाही. आपल्या अंदाजाच्या वेगळ्या क्षणी हलला तर पडतो. मांड म्हणजे वेळेचं जमणं. २६ मिलिमीटरच्या बदलाने कोणत्याही जाहिरातीतला आकडा फारसा हलला नसेल, पण सुधारलेल्या एनसीला पहिल्या एनसीपेक्षा जास्त प्रेम मिळालं, ते बरोबरच आहे.

एनडी: ग्रॅमचा हिशेब

सप्टेंबर २०१४मध्ये चौथी पिढी पडद्याबाहेर आली तेव्हा लोकांनी आधी मापं पाहिली. लांबी ३,९१५ मिलिमीटर, म्हणजे एनएपेक्षाही कमी. प्रकल्पप्रमुख नोबुहिरो यामामोतो (संशोधनप्रमुख यामामोतोंशी आडनावाचंच साम्य) यांच्या गटाने एनसीच्या तुलनेत जवळजवळ शंभर किलो काढून टाकले होते. तेही एअरबॅग, स्थिरता-नियंत्रण आणि टकरीचे आजचे कडक नियम सांभाळून. १९८९च्या गाडीवर यातलं फार थोडं ओझं होतं, हे विसरून ९४० आणि ९९० यांची तुलना करणं एनडीवर अन्याय ठरेल.

हे वजन एका जादूने गेलं नाही. बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचे मडगार्ड ॲल्युमिनियमचे झाले. आसनात स्प्रिंगऐवजी जाळी आली. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट चाकांच्या नटांची. एनसीला प्रत्येक चाकाला पाच नट होते, एनडी पुन्हा एनएसारखी चारवर आली. गाडी हलकी म्हणून चार नट पुरतात. नट कमी म्हणून हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, हलका. हब हलका म्हणून स्प्रिंगखालचं वजन कमी, म्हणून टायर खड्ड्यावरून चटकन परत रस्त्याला टेकतो. हलकेपणाला हलकेपणाचं व्याज मिळतं. इंजिनचंही तसंच. १.५ लिटरचं छोटं इंजिन हलकं, त्यामुळे गाडीच्या नाकावर भार कमी, त्यामुळे वळणात नाक चटकन शिरतं.

यातलं धाडस आकड्यांत दिसतं. १.५ लिटरची एनडी शंभरचा वेग ८.३ सेकंदांत गाठते. दहा वर्षांपूर्वीच्या २ लिटरच्या एनसीपेक्षा ती हळू आहे! नवी पिढी जुनीपेक्षा हळू असावी असं कागदावर लिहून ती बाजारात आणणं, हे विक्री विभागाला पटवताना किती कठीण गेलं असेल याची कल्पना करता येते. जपानमध्ये तर कापडी छपराची गाडी कितीतरी वर्षं फक्त या छोट्या इंजिनावरच विकली गेली. हे इंजिन मिनिटाला ७,५०० फेऱ्यांपर्यंत जातं. युरोप-अमेरिकेतल्या सुरुवातीच्या २ लिटरच्या इंजिनाची मर्यादा ६,८०० होती. छोटं इंजिन पिळून, प्रत्येक गिअर पुरता वापरून चालवायचं, आणि ते करूनही लायसन्स खिशात राहायचं, हा त्यामागचा विचार. २०१६ साली जगातली सर्वोत्तम गाडी आणि सर्वोत्तम रचना हे दोन्ही जागतिक सन्मान एकाच वर्षी मिळवणारी ही पहिली गाडी ठरली.

२०१८मध्ये २ लिटरच्या इंजिनात हलके पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड आले, मर्यादा ७,५०० झाली, ताकद १८४ पीएस. शंभरचा वेग ६.५ सेकंदांत. आजवरच्या टर्बोविना एमएक्स-५मध्ये ही सगळ्यात जोमदार, आणि ज्यांना महामार्गावर पिकअप हवा त्यांनी तीच घ्यावी. निवड माझी असती तर मी १.५ घेतली असती. १८४ पीएसमध्ये तिसरा गिअर संपायच्या आधी बहुतेक रस्ते संपतात.

एनडीचा दोष आणि त्यावरचा उपाय

एनडीचं सस्पेन्शन मुद्दाम मऊ ठेवलं आहे. भार एका बाजूला जाताना चालकाला कळावा हा हेतू. एनएमध्ये हे जमून यायचं, कारण टायरची पकडच कमी होती. गाडी जास्त झुकायच्या आधी टायर सरकू लागत. एनडीच्या टायरला पकड जास्त. त्यामुळे जोरात वळताना, विशेषतः ब्रेक सोडत वळणात शिरताना, आतली मागची बाजू वर उचलली जाते आणि गाडी क्षणभर एका टोकावर तोललेली वाटते. परीक्षकांनी यावर टीका केली, ती योग्यच होती.

घट्ट स्प्रिंग बसवून हे सहज दाबता आलं असतं. पण मग साध्या वेगात कळणारं सगळं गेलं असतं. डिसेंबर २०२१मध्ये जाहीर झालेला उपाय जास्त हुशार आहे. कडक वळणात गाडी मागच्या दोन चाकांच्या वेगातला फरक बघते आणि आतल्या मागच्या चाकाला अगदी हलका ब्रेक लावते. वेग कमी करणं हा हेतूच नाही. मागच्या सस्पेन्शनच्या दांड्यांची मांडणी अशी आहे की ब्रेक लागला की चाक बॉडीला खाली ओढतं. उचलली जाणारी बाजू जागेवर बसते. वजन शून्य ग्रॅम वाढलं, कारण ब्रेक तर होतेच.

स्टिअरिंगबाबत मात्र हिशेब पूर्ण जुळलेला नाही. एनडीत इलेक्ट्रिक मदत आहे. मोटर स्टिअरिंगच्या दांड्याऐवजी खाली रॅकवर (चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टीवर), दुसऱ्या पिनियनवर, म्हणजे त्या पट्टीला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकावर बसवली, म्हणजे हात आणि चाकं यांच्यामधली वाट मोकळी राहते. इलेक्ट्रिक स्टिअरिंगांत ही चांगल्यांपैकी आहे. तरीही मोटरला स्वतःचं वजन आणि घर्षण असतं. रस्त्याची बारीक खरखर त्यात विरते, आणि टायर सुटण्याआधीचं ते हलकं पडणं पुसट होतं. २०२३च्या अखेरीस जाहीर झालेल्या सुधारणेत रॅकमधलं घर्षण कमी करण्यावर पुन्हा मेहनत घेतली गेली. म्हणजे तीस वर्षांनंतरही अभियंते त्याच तळहातामागे आहेत. वजन परत आणता आलं, मापं परत आणता आली. मारुती ८००च्या स्टिअरिंगमधून जे कळायचं ते पूर्णपणे परत आलेलं नाही, आणि माझ्या लेखी चौथ्या पिढीतली मोठी उणीव तीच.

जुनी गाडी आज चालवताना

शेवटी तुलनेच्या पद्धतीबद्दल, कारण इथे फार गफलत होते. आज एखादी एनए चालवून ‘जुन्या गाडीचा फील असा होता’ म्हणणं धोक्याचं आहे. तीस-पस्तीस वर्षांत सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश तडकलेले असतात. डँपर बहुधा दुसऱ्याच कंपनीचे असतात. कापडी छपराच्या गाडीत आतून गंज धरलेला असू शकतो. काही जण सैल झालेल्या गाडीलाच ‘जिवंत’ समजतात. उलट घट्ट स्प्रिंग आणि रुंद टायर घातलेली एनए चालवून कोणी ‘खरा फील’ सांगत असेल तर तो १९८९चा फील नाही. टायर बदलला की सुरुवातीलाच सांगितलेला तो पिळणारा ठसा बदलतो, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

माझ्दाला हे नीट माहीत होतं. २०१७ साली कंपनीने जपानमध्ये एनए पूर्ववत करून देण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी बंद झालेले सुटे भाग पुन्हा तयार केले: कापडी छप्पर, नार्डी या इटालियन कंपनीचं लाकडी स्टिअरिंग, गिअरची लाकडी मूठ. १४ इंची टायर बाजारात कितीतरी मिळत होते. तरी त्यातला एखादा घेऊन काम भागवलं नाही. ब्रिजस्टोनकडून १८५/६० आर१४ मापाचा, मूळ गाडीचा एसएफ-३२५ टायर नव्याने बनवून घेतला.